सरकारी नोकरीतली वैद्यकीय तपासणी: डॉक्टर काय बघतात आणि कोणता कागद पुढे कामाला येतो

निवड यादीत नाव लागतं, नियुक्ती आदेश हातात पडतो आणि अटींमध्ये एक ओळ असते: ही नियुक्ती वैद्यकीय तपासणीत पात्र ठरण्याच्या अधीन राहील. तिथून धास्ती सुरू होते. कुणाला साखर असते, कुणाच्या मोडलेल्या हातात प्लेट बसवलेली असते, कुणी थायरॉईडची गोळी घेत असतं. मग घरातलं कुणीतरी हळूच सांगतं, "डॉक्टरांना काही सांगू नकोस." हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो, पण तो घातक आहे. का, ते कळण्यासाठी आधी ही तपासणी नेमकं काय शोधते ते पाहू.

महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी नोकरीत शिरतानाच्या आरोग्य प्रमाणपत्राची तरतूद महाराष्ट्र नागरी सेवा (सेवेच्या सर्वसाधारण शर्ती) नियम, १९८१ मध्ये आहे. आजारपणाची रजा आणि त्यानंतर परत हजर होणं हे महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये येतं. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना त्यांचे मूलभूत व पूरक नियम आणि केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ लागू असतात. भाषा थोडी वेगळी असली तरी चौकट जवळपास सारखीच आहे.

आता तो पहिला कागद. फिटनेस सर्टिफिकेटचा ठरलेला मजकूर साधारण असा असतो: मी अमुक उमेदवाराची तपासणी केली असून, त्याला कोणताही संसर्गजन्य वा इतर आजार, प्रकृतीचा अशक्तपणा किंवा शारीरिक दोष असल्याचे मला आढळले नाही, अपवाद फक्त... इथे मोकळी जागा असते. पुढचं वाक्य असतं: ही बाब मी अमुक कार्यालयातील नोकरीसाठी अपात्रता मानत नाही. खाली उमेदवाराने सांगितलेलं वय, दिसण्यावरून वाटणारं वय, ओळखीची खूण आणि अंगठ्याचा ठसा.

त्या मोकळ्या जागेकडे नीट बघा. उमेदवाराला काहीतरी आजार असू शकतो, हे हा नमुना तयार करणाऱ्यांनी आधीच गृहीत धरलंय. आजार लिहायला जागा ठेवली आहे आणि त्यानंतरही नोकरीला हरकत नाही असं लिहिण्याची सोय केली आहे. म्हणजे डॉक्टरांपुढचा प्रश्न एवढाच: या माणसाला या पदाचं काम सुरक्षितपणे करता येईल का, आणि नजीकच्या काळात सतत आजारी पडून तो कामातून बाद होण्याची शक्यता आहे का? गोळ्यांनी आटोक्यात असलेला थायरॉईड किंवा जुळून आलेलं हाड असलेला लिपिक या प्रश्नाचं उत्तर सहज देऊ शकतो.

पदानुसार कसोटी किती बदलते हे रेल्वेत सगळ्यात स्पष्ट दिसतं. तिथे पदांच्या वैद्यकीय श्रेणी ठरलेल्या आहेत: ए-१, ए-२, ए-३, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२. गाडी चालवणारा लोको पायलट ए-१ मध्ये येतो. त्याची दूरची नजर चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांनी ६/६ लागते, रंग ओळखता यावे लागतात आणि रात्रीची नजरही तपासली जाते. सी-२ श्रेणीत मात्र एका डोळ्याची नजर चष्म्यासह ६/१२ असली की पुरते, दुसऱ्या डोळ्याला दृष्टी नसली तरी चालतं. संस्था तीच, पण सिग्नलचा लाल-हिरवा ओळखणं ज्याच्या कामाचा भाग आहे त्याला एक निकष आणि टेबलावर फायली हाताळणाऱ्याला दुसरा. म्हणून "मित्र अनफिट झाला, मीही होणार" असं घाबरण्याआधी मित्राचं पद कोणतं होतं ते विचारा. आणि अर्ज भरण्याआधीच जाहिरातीतली वैद्यकीय श्रेणी वाचा. रंगांधळेपणा अभ्यास करून जात नाही. दोन वर्षं तयारी केल्यावर तो कळणं फार क्लेशाचं असतं. इशिहारा पद्धतीची, ठिपक्यांमधून आकडा ओळखायची चाचणी कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे काही मिनिटांत होते.

तपासणीच्या दिवशी

बहुतेक पदांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, म्हणजे लोकांच्या भाषेत 'सिव्हिलला', जावं लागतं. काही पदांसाठी आणि वादाच्या प्रकरणांत वैद्यकीय मंडळापुढे तपासणी होते. कार्यालयाचं पत्र, फोटो, ओळखपत्र आणि आधीच्या उपचारांचे कागद सोबत असावेत. उंची, वजन, छाती, नजर, कान, छातीचा एक्स-रे, लघवी, रक्त, रक्तदाब असा क्रम सर्वसाधारणपणे असतो.

सगळ्यात जास्त माणसं अडखळतात ती रक्तदाबाला. रात्रीच्या प्रवासातून थेट रांगेत उभं राहायचं, जिने चढायचे, पोटात धडधड, मग यंत्रावर आकडा वाढलेला दिसणारच. नियम करणाऱ्यांना हे ठाऊक होतं. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून निवडलेल्यांसाठीच्या वैद्यकीय नियमावलीत स्पष्ट म्हटलंय की वरचा आकडा १४० च्या वर आणि खालचा ९० च्या वर असेल तर तो संशयास्पद समजावा, पण अंतिम मत देण्याआधी उमेदवाराला रुग्णालयात निरीक्षणाखाली ठेवून ही वाढ ताणामुळे तात्पुरती आहे की एखाद्या आजारामुळे, ते पाहावं. व्यायाम किंवा उत्तेजना झाल्यावर पंधरा मिनिटांच्या आत मोजणी करू नये, असंही त्यात आहे. तुमचा आकडा वाढला तर शांतपणे सांगा: "थोडं बसतो, परत मोजता का?" ही मागणी अवाजवी नाही. लघवीत साखर आढळली तरी तेवढ्यावर निकाल लागत नाही. पुढच्या रक्तचाचण्या आणि तज्ज्ञाचं मत घेतलं जातं.

तपासणीआधी उमेदवाराकडून एक निवेदन भरून घेतात. पूर्वी कोणता मोठा आजार झाला, शस्त्रक्रिया, दमा, फेफरं, हृदयविकार, घरात क्षयाचा इतिहास, आधी कुठे वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरला होता का, आणि खाली सही. घरच्यांचा 'सांगू नकोस' हा सल्ला इथेच महाग पडतो. आजार असणं हा दोष नाही, पण सही करून लपवणं हे खोटं निवेदन ठरतं. दहा वर्षांनी उपचारांचा खर्च परत मागण्याच्या (प्रतिपूर्तीच्या) बिलासोबत जुनी केस फाईल जोडली आणि तिच्यात 'रुग्णास पंधरा वर्षांपासून मधुमेह' असं लिहिलेलं निघालं, तर चर्चा मधुमेहावर होत नाही, तुमच्या सहीवर होते. आजार सांगून वर अलीकडचे रिपोर्ट आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं 'आजार आटोक्यात आहे' असं पत्र ठेवलं, की तपासणाऱ्या डॉक्टरांना त्या मोकळ्या जागेत निर्धास्तपणे लिहिता येतं.

'अनफिट' आल्यावर

आधी शेरा पूर्ण वाचा. 'तात्पुरते अपात्र' असेल तर त्याचा अर्थ उपचार घेऊन ठरलेल्या मुदतीनंतर पुन्हा या, एवढाच आहे. हर्निया, कानाचा संसर्ग, उपचार सुरू असलेला क्षय यांसारख्या बाबतीत असा शेरा मिळू शकतो.

कायमचा नकार आला तर केंद्राच्या नियमांत दुसऱ्या वैद्यकीय मंडळाकडे जाण्याची वाट आहे. निर्णय कळवल्यापासून एक महिन्याच्या आत आधीच्या मंडळाच्या मतात चूक झाली असावी असं दाखवणारा पुरावा द्यावा लागतो. हा पुरावा म्हणजे एखाद्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र, आणि त्यात एक वाक्य अत्यावश्यक असतं: हा उमेदवार वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवलेला आहे, याची पूर्ण कल्पना असताना मी हे प्रमाणपत्र देत आहे. हे वाक्य नसेल तर त्या प्रमाणपत्राचा विचार होत नाही. चांगल्या तज्ज्ञाकडून पैसे खर्चून रिपोर्ट आणायचा आणि एका ओळीपायी तो बाजूला पडायचा, असं होऊ देऊ नका. डॉक्टरांना ही ओळ माहीत असेलच असं नाही, तुम्ही सांगा. इतर नोकऱ्यांत अपिलाची मुदत आणि पद्धत वेगळी असू शकते, ती नकाराच्या पत्रातच शोधा, आणि पत्र ज्या तारखेला मिळालं ती तारीख त्याच्यावर लिहून ठेवा.

गर्भवती उमेदवारांबद्दल अजूनही खूप गैरसमज आहेत. केंद्राच्या नियमांत ज्या पदांना खडतर प्रशिक्षणाची अट नाही, तिथे गर्भारपणामुळे तात्पुरतं अपात्र ठरवण्याची गरज नाही, थेट नियुक्ती देता येते. पोलीस दलासारख्या, कठीण प्रशिक्षण असलेल्या पदांवर नियुक्ती पुढे ढकलली जाऊ शकते, पण ती जागा तिच्यासाठी राखून ठेवायची असते आणि प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी होते. दिवस गेलेत म्हणून नोकरी गेली, असं तोंडी सांगून कुणी परत पाठवत असेल तर ते लेखी मागा.

एचआयव्हीबाबत तर मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच सांगितलं होतं की एखादी व्यक्ती काम करण्यास सक्षम असेल आणि इतरांना लक्षणीय धोका नसेल, तर केवळ या कारणावरून तिला नोकरी नाकारता येणार नाही. पुढे २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, नोकरीची पूर्वअट म्हणून ही चाचणी मागण्यालाच मनाई केली. दिव्यांगांच्या राखीव जागेवर निवड झालेल्या उमेदवाराला त्याच दिव्यांगत्वावर बोट ठेवून अपात्र ठरवणं तर आरक्षणालाच अर्थ न ठेवण्यासारखं आहे.

रुजू झाल्यावर एक काम लगेच करा. फिटनेस सर्टिफिकेटचा क्रमांक आणि तारीख सेवापुस्तकात, म्हणजे तुमच्या नोकरीच्या नोंदींच्या वहीत, नोंदवली गेली का ते आस्थापना शाखेत (कर्मचाऱ्यांचे कागद सांभाळणाऱ्या शाखेत) जाऊन पाहा. ही नोंद राहून गेली तर ते बहुधा सेवानिवृत्तीची प्रकरणं तयार होताना लक्षात येतं, आणि तीस वर्षांपूर्वीचं प्रमाणपत्र तेव्हा शोधायचं कुठे? मूळ प्रत देताना झेरॉक्स आपल्याकडे ठेवा, मोबाईलमध्ये फोटोही काढून ठेवा.

आजारपणाची रजा

इथे सर्वात मोठा गैरसमज असा की डॉक्टरांचं सर्टिफिकेट मिळालं म्हणजे रजा मिळाली. नियम उलट सांगतो: वैद्यकीय प्रमाणपत्रामुळे रजेचा हक्क आपोआप निर्माण होत नाही. ते प्रमाणपत्र सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पाठवायचं आणि आदेशाची वाट पाहायची. शंका असेल तर प्राधिकारी शासकीय डॉक्टरांकडून दुसरं मतही घेऊ शकतो. रुग्णालयातून अर्ज करायला उशीर होणं समजू शकतं, पण कुणाकरवी तरी, ईमेलने, नोंदणी डाकेने, जमेल तसं कळवा. आणि पोच घ्या. पुढे गैरहजेरी 'अनधिकृत' ठरवायची वेळ आली, तर तुम्ही कधी कळवलं होतं यावरच सगळं येऊन थांबतं.

कोणती रजा टाकायची हे ठरवताना हिशोब समजून घ्या. अर्धवेतनी रजा दर पूर्ण वर्षाला २० दिवस जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर तीच परिवर्तित करून घेतली की पूर्ण पगार मिळतो, पण खात्यातून दुप्पट दिवस जातात. दहा वर्षांच्या सेवेत एकही न घेता २०० दिवस जमले असतील, तर परिवर्तित रजा जास्तीत जास्त १०० दिवस. ३० दिवसांची परिवर्तित रजा घेतली तर ६० दिवस वजा. अर्जित रजाही, म्हणजे सेवेतून कमावलेली पूर्ण पगारी रजाही, आजारपणासाठी वापरता येते. खाती रिकामी झाली तर अनार्जित रजा, म्हणजे पुढे जमा होणाऱ्या रजेतून आगाऊ घेतलेली रजा, आणि शेवटी बिनपगारी असाधारण रजा उरते. या असाधारण रजेत सर्टिफिकेट आहे की नाही, याने फार फरक पडतो: केंद्राच्या निवृत्तिवेतन नियमांत वैद्यकीय प्रमाणपत्रावर घेतलेली असाधारण रजा पेन्शनच्या सेवेत मोजली जाते. पगार तर तसाही मिळणार नाही, मग कागद कशाला, असं म्हणून अनेकजण प्रमाणपत्र जोडायचा कंटाळा करतात आणि पेन्शनसाठीची तेवढी सेवा गमावून बसतात. महाराष्ट्राच्या रजा नियमांत क्षय, कर्करोग, कुष्ठरोग आणि पक्षाघातासाठी वेगळी विशेष रजाही आहे, ती अनेक कार्यालयांत माहीतच नसते.

आजारपणाच्या रजेवरून परत येताना फिटनेस सर्टिफिकेट दिल्याशिवाय हजर होता येत नाही. या दुसऱ्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात डॉक्टर असं लिहून देतात की ज्या मूळ प्रमाणपत्रांवर रजा मंजूर झाली किंवा वाढवली गेली, ती पाहूनच मी हे मत दिलं आहे. म्हणून आजारपणाचं मूळ प्रमाणपत्र कार्यालयात देऊन टाकताना साक्षांकित प्रत जवळ हवी. शक्यतो ज्यांनी उपचार केले त्याच डॉक्टरांकडून फिटनेस घ्या, आणि तारखा जुळतात का बघा. २० तारखेपर्यंत विश्रांती लिहिली आहे, फिटनेस २४ चा आहे आणि हजर २५ ला झालात, तर मधले दिवस कुठल्या रजेत जातील हा प्रश्न आस्थापना शाखा विचारणारच. हजर होण्याच्या आदल्या दिवसाचं किंवा त्याच दिवशीचं फिटनेस घ्या आणि मधल्या दिवसांचीही रजा वाढवून मागा.

डॉक्टरांवरही बंधनं आहेत. २००२ च्या वैद्यकीय व्यावसायिक आचारसंहितेनुसार त्यांनी दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवायची असते, त्यात रुग्णाची सही किंवा अंगठा आणि ओळखीची खूण घ्यायची असते आणि प्रत जपायची असते. चौकशी झाली की हीच नोंदवही मागवतात. विकत आणलेल्या सर्टिफिकेटचा पाठपुरावा तिथेच संपतो, कारण वहीत नोंद नसते. अशा कागदामुळे डॉक्टरांचं नाव नोंदणीतून कमी होऊ शकतं आणि कर्मचाऱ्यावर विभागीय चौकशी बसू शकते. खरोखर आजारी असलेल्या सहकाऱ्याकडे मग सगळे संशयाने बघू लागतात, याचं मला सर्वात जास्त वाईट वाटतं.

सेवेत असताना शरीर थकलं तर

रेल्वेच्या ए श्रेणींत तपासणी एकदाच होऊन संपत नाही. ४५ वयापर्यंत दर चार वर्षांनी, मग ५५ पर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी ती करावी लागते. महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना ४० ते ५० वयात दोन वर्षांतून एकदा आणि ५१ पासून दरवर्षी तपासणीची सोय दिली आहे. त्यासाठी ५,००० रुपयांपर्यंत खर्च मिळतो. यातून कुणी अनफिट ठरवलं जात नाही, तरी लोक ती टाळतात. टाळू नका.

मोठा आजार किंवा अपघात होऊन काम जमेनासं झालं, तर कर्मचाऱ्याला पहिल्यांदा ऐकवलं जातं ते "राजीनामा दे" किंवा "मेडिकल ग्राउंडवर निवृत्ती घे". सही करण्याआधी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम २० वाचा. शासकीय आस्थापनेला सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचं पदही खाली आणता येत नाही. मूळ काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच लाभांसह दुसऱ्या पदावर घ्यायचं. तसं पद नसेल तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीचं वय होईपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा निर्माण केलेल्या, पदावर ठेवायचं. गुडघ्याखाली पाय गमावलेला शिपाई टपाल नोंदणी करू शकतो, दृष्टी गेलेला लिपिक स्क्रीन रीडरवर काम करू शकतो. रुग्णता निवृत्तिवेतनाचा, म्हणजे आजारपणामुळे लवकर निवृत्त झाल्यावरच्या पेन्शनचा, मार्गही नियमांत आहे आणि वैद्यकीय मंडळाच्या प्रमाणपत्रावर तो घेता येतो. काहींसाठी तो योग्यही असतो. पण निवड कर्मचाऱ्याने, घरच्यांशी बोलून आणि हा कायदा माहीत असताना करायची आहे. यासाठी लागणारं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र वेगळं असतं, फिटनेस सर्टिफिकेटने ते काम भागत नाही; त्यासाठी स्वावलंबन या केंद्र सरकारच्या पोर्टलवर अर्ज करावा लागतो.

मानसिक आजाराच्या रजेचा अर्ज लिहिताना माणूस सर्वात एकटा असतो. 'नैराश्य' हा शब्द कार्यालयभर फिरेल या भीतीने कुणी 'व्हायरल ताप' लिहून घेतं, आणि रजा लांबली की तो ताप सिद्ध करता येत नाही. खरं निदान असलेलं प्रमाणपत्र बंद लिफाफ्यात, 'गोपनीय' लिहून थेट सक्षम प्राधिकाऱ्याच्या नावे द्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क दिला आहे. माहितीच्या अधिकारातही दुसऱ्याच्या वैद्यकीय नोंदी वैयक्तिक माहिती मानल्या जातात. आस्थापना शाखेत काम करणाऱ्यांनी असे लिफाफे टेबलावर उघडे ठेवू नयेत, ही हात जोडून विनंती.

आणि जुन्या उपचारांचे कागद सापडत नसतील तर रुग्णालयाला लेखी अर्ज द्या. डॉक्टरांच्या २००२ च्या त्याच आचारसंहितेनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं ठेवायच्या असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. तीन वर्षं उलटण्याआधी मागा. डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद आणि तपासण्यांचे रिपोर्ट एवढे तरी नक्की घ्या, आणि प्रत्येक पानावर रुग्णालयाचा शिक्का आहे का ते खिडकीवरच पाहून घ्या.